खिडकीखाली पडलेल्या कळ्या

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा दातांचा डॉक्टर आहे, आणि मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मनातला राग काढायला ताईनं तिखटमीठ लावलं असं नंतर कोणी म्हणायला नको. राग आहेच. माझ्या नाकावर तो कायमच असतो आणि घरचे सगळे त्याला सरावलेत. पण या माणसाला चिडलेलं मी कधी पाहिलंच नाही. मनाविरुद्ध काही झालं की तो आवाज खाली आणायचा. जितकं जास्त बिनसेल तितकं हळू बोलायचा, इतकं की ऐकायला आपल्यालाच पुढे वाकावं लागायचं. लग्नानंतर माझी ठकी अशीच कायम थोडी पुढे वाकलेली दिसायची.

ठकी हे काही तिचं खरं नाव नाही. बाबांनी लाडानं पाडलं आणि ते चिकटलं. बाबांची रोपवाटिका होती, बहुतेक सगळी गुलाबाची. शाळेतून आलं की दप्तर फेकायचं आणि कात्री घेऊन ओळीत शिरायचं, वाळकी फुलं खुडायला. सुकलेलं फूल झाडावर राहू दिलं की झाड बी धरायला लागतं, आणि एकदा बी धरलं की त्याला वाटतं आपलं काम झालं. मग ते कळ्या काढायचं विसरतं. म्हणून फूल उतरलं रे उतरलं की काढायचं. तेही नुसतं मुंडकं उडवायचं नाही. देठावरून खाली येत पाच पात्यांचं पान शोधायचं, त्याच्या बगलेतला बाहेर बघणारा डोळा, म्हणजे नवी फूट जिथून येते तो उंचवटा, शोधायचा आणि त्याच्या जरासा वर तिरका काप द्यायचा. काप डोळ्यापासून लांब उतरता हवा, नाहीतर पाणी त्या डोळ्यावर साचतं आणि तो कुजतो.

मला ते जमायचं. ठकी डावखुरी, तिचा काप नेमका उलट्या बाजूला उतरायचा. बाबांनी रागावून पाहिलं, हात धरून शिकवून पाहिलं, शेवटी हात टेकले. ठकीनं खुडलेली ओळ कुणालाही सांगता यायची. "हिचे सगळे गुलाब रडके," बाबा म्हणायचे, "कायम डोळ्यात पाणी."

रोपवाटिकेत खरा गुन्हा एकच होता, तो म्हणजे कळी तोडणं. वाळकं फूल नजरेतून सुटलं तर चालायचं. फांदी मोडली तर दोन शब्द ऐकून घ्यायचे. पण कळीला हात लावला की बाबा असतील तिथून धावत यायचे. ठकी अगदी लहान असताना कुंपणातून एक भलामोठा कुत्रा आत शिरला आणि तिच्यासमोर उभा राहून गुरगुरायला लागला. भ्यायली की ठकीचा आवाज बंद होतो, तेव्हाही झाला. ओरडता येईना, तर तिनं शेजारच्या झाडाच्या कळ्या सटासट ओरबाडायला सुरुवात केली. पलीकडच्या टोकाला बाबांनी ते पाहिलं आणि ते काठी घेऊन धावले, कळ्यांसाठी. पोहोचल्यावर त्यांना कुत्रा दिसला. पोरीचं ते डोकं आठवून आम्ही कितीतरी वर्षं हसलो.

आता हसू येत नाही.

काही आठवड्यांपूर्वी ठकीचा फोन आला. तिकडे नळ सोडलेला ऐकू येत होता, म्हणजे न्हाणीघरातून बोलत होती. "ताई, थोडे दिवस तुझ्याकडे येऊन राहू का?"

"विचारतेस काय? आजच निघ."

"आज नको. बघते," म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर ती आली नाही आणि तिचा फोनही आला नाही. मी लावला की डॉक्टर उचलायचा. ती झोपलीय, तिला आराम सांगितलाय, बोललं की तिचं डोकं दुखतं. प्रत्येक वेळी आवाज आणखी हळू. मी फोन कानात खुपसून ऐकायची आणि ठेवला की अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी मी उठून गेले. त्यांचं घर दुमजली आहे. खाली दवाखाना, वर बिऱ्हाड, आणि पुढे ठकीनं लावलेली बाग, फाटकापासून दवाखान्याच्या पायरीपर्यंत दोन्ही बाजूंना गुलाब. मी फाटकाची कडी काढायच्या आत तो पांढरा कोट घातलेला बाहेर आला आणि फाटकाच्या आतल्या बाजूला उभा राहिला. आत ये म्हणाला नाही.

"आत्ताच डोळा लागलाय तिचा, ताई."

"मग मी बसते ना, उठेपर्यंत."

"कुणी आलंय म्हटलं की ती उठून बसते. दगदग होते." मग मी काही बोलायच्या आत त्यानं बागेकडे हात केला. "एरवी बरी आहे. सकाळी उन्हं चढायच्या आत खाली येऊन सगळी झाडं खुडते. बघा की तुम्हीच."

मी बघितलं. सगळ्या झाडांवर ताजी फुलं आणि कळ्या, वाळकं एकही नाही. पाकळ्यासुद्धा खाली पडलेल्या नाहीत. माझा जीव भांड्यात पडला. दुसरी कुणी बहीण असती तर तिनं त्या माणसाला बाजूला सारून जिना गाठला असता. पण आम्ही बाबांच्या मुली. जिचं खुडणं वेळच्या वेळी होतंय ती मुलगी ठीक आहे, हे आमच्या डोक्यात लहानपणापासून इतकं पक्कं बसलेलं की मी मुकाट्यानं परत आले. घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, "बघ, उगाच काळजी करत होतीस." मीही मान हलवली.

माझं शिवणाचं दुकान आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी एका झग्याच्या गळ्याला लावायला उरेब पट्ट्या कापायच्या होत्या. त्यासाठी कापड टेबलावर तिरकं धरावं लागतं. खडूनं तिरक्या रेघा मारल्या, कात्री घातली, पट्टी सुटली, दुसरी पट्टी सुटली. तिसऱ्या रेघेवर कात्री थांबली. फाटकाजवळच्या झाडांचे काप माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले, कारण मी ते नीट पाहिले होते, सवयीनं. पाच पात्यांच्या पानावर, बाहेरच्या डोळ्याच्या जरा वर, उतार डोळ्यापासून लांब. एकूण एक काप बरोबर होता.

ठकीच्या हातून उभ्या जन्मात एक काप बरोबर उतरला नव्हता.

मी कात्री तशीच कापडात सोडून खाली बसले. म्हणजे झाडं तिनं खुडलेली नाहीत. दुसऱ्या कुणीतरी खुडली आहेत, तिच्याकडूनच ऐकलेल्या पद्धतीनं, नीट, मन लावून. आणि मी फाटकाशी आल्यावर ती मला दाखवली. जगात मला गप्प करायला एवढी एकच गोष्ट पुरली असती आणि ती त्याला ठाऊक होती.

पोलीस चौकीत जायचं मनात आलं. पण सांगणार काय? गुलाबाचे काप बरोबर आहेत म्हणून? चौकीतल्या साहेबांच्या पुढच्या दोन दातांच्या टोप्या याच डॉक्टरनं बसवलेल्या, ते मला हसले असते आणि त्याचंच काम दिसलं असतं. आमच्या ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, नवराबायकोच्या मधे पडू नये. मी त्यांना काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझी एक दाढ बरीच वर्षं किडलेली आहे. भीतीपोटी मी ती कधी कुणाला दाखवली नाही. बहीण म्हणून फाटकातून परत पाठवता येतं, पण दवाखान्याच्या वेळेत दाढ धरून आलेल्या बाईला चार रोग्यांसमोर कुठला डॉक्टर हाकलून देईल? एकदा आत शिरले की हात धुवायच्या निमित्तानं वर जायचं, असा माझा बेत होता. गालाला रुमाल लावून मी निघाले.

बाहेरच्या खोलीत दोघंच होती. एक म्हातारे निवृत्त मास्तर, गाल सुजलेला, आणि मांडीवर भाजीची पिशवी घेतलेली एक धिप्पाड बाई. दवाखान्यातली मदतनीस दिसत नव्हती. "तिला सुट्टी दिलीय डॉक्टरांनी," भाजीच्या पिशवीवाली बाई आपणहून म्हणाली. मी समोरच राहते, हेही तिनं सांगितलं. "सगळं एकट्यानं करतात बिचारे. बागसुद्धा. दवाखान्यातली ती बारीक कात्री असते ना, ती घेऊन रोज सकाळी झाडांपाशी. बायको नाही ना घरी."

"कुठे गेलीय?" मी विचारलं.

"बहिणीकडे राहायला गेल्यात. झाले की बरेच दिवस."

मी तिच्या कानाशी वाकले. "अहो, तिला एकच बहीण आहे. ती मी."

बाईनं माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. ती काहीतरी बोलणार तेवढ्यात आतलं दार उघडलं. डॉक्टर दारात उभा होता. मास्तरांचा नंबर माझ्या आधी होता, पण तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, या. तुम्ही आधी."

आत लवंगेच्या तेलाचा वास होता. खुर्ची खिडकीला लागून होती आणि खिडकी उघडी होती. बाहेर हातभर अंतरावर शेजारच्या गोदामाची बिनखिडक्यांची भिंत, आणि मधल्या फटीतून वर चढत गेलेला ठकीचा वेलगुलाब. घराच्या या बाजूला रस्त्यावरून कुणाची नजर पोचत नाही. खुर्ची त्यानं मागे झुकवली, माझ्या गळ्याला कापड बांधलं आणि दिवा तोंडावर ओढला. मी म्हणाले, "आधी जरा हात धुऊन येते वरून."

"हात मी धुतो. तुम्ही तोंड उघडा."

तो हात धुऊन आला. हातमोजे चढवायच्या आधी मी त्याची बोटं जवळून पाहिली. हा माणूस मातीला कधी शिवला नव्हता, नखांना पॉलिश करायचा. आता अंगठ्यावर आणि पहिल्या बोटावर बारीक लाल ओरखडे होते, काट्यांचे, जसे आमच्या हातांवर सुट्टीभर असायचे.

"खूपच किडलीय," तो हळू म्हणाला. "इतके दिवस का ठेवलीत?"

"आज नुसती बघा, काढू नका," मी म्हणायला गेले, पण त्याची बोटं तोंडात होती आणि निघाला तो नुसता घोगरा आवाज. सुई हिरडीत शिरली. एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि मग एकदा जिभेच्या मुळाशी. मी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"आता थोडं थांबू. बधिर होऊ दे." तो स्टुलावर बसला, अगदी माझ्या कानाशी. ऐकायला मला वाकता येत नव्हतं, म्हणून तोच वाकला. "तुमच्या बहिणीनं मला एक गोष्ट चांगली शिकवली, ताई. वाळलेलं वेळेवर काढलं नाही तर झाडाचं लक्ष भलतीकडे जातं. घराचंही तसंच आहे. बाहेरची माणसं, फोन, इकडे जाऊ, तिकडे राहू. एकेक काढावं लागतं. तिला थोडा त्रास होतोय, पण होईल ठीक. तुम्ही मात्र येत जाऊ नका."

माझी जीभ जड झाली होती. ओठ माझे आहेत की दुसऱ्या कुणाचे, कळत नव्हतं. मी आयुष्यभर जिच्या जोरावर जगले ती माझी जीभच त्यानं आधी काढून घेतली. मला इतकी भीती वाटली की डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तो ते रुमालानं टिपायला लागला.

तेव्हा खिडकीबाहेरून काहीतरी खाली गेलं.

वाळका गुलाब असावा. वेल आहे, पडतात. मग दुसरा पडला तो खिडकीच्या कट्ट्यावर, आणि तो वाळका नव्हता. हिरवी, मिटलेली, टोकाला जेमतेम रंग दिसणारी कळी होती. तिच्यामागून आणखी एक. मग मूठभर एकदम. देठ कात्रीनं कापलेले नव्हते, नखांनी पिळून तोडलेले होते. वर खिडकीच्या गजांतून जेवढा हात पोचतो तेवढ्या वेलीवरची एकेक कळी कुणीतरी ओरबाडत होतं. खालच्या उघड्या खिडकीतून माझा आवाज तिनं ऐकला असेल.

डॉक्टरची पाठ खिडकीकडे होती. तो चिमटा निवडत होता.

मी उठले. दिव्याची दांडी कपाळावर आपटली, ताटली खाली पडली आणि हत्यारं खोलीभर झाली. कट्ट्यावरची एक कळी मी मुठीत धरली आणि जिन्याकडे पळाले. गळ्याचं कापड तसंच, तोंडातून लाळ गळतेय. "ताई!" तो मागून म्हणाला, आणि मी त्या माणसाचा आवाज पहिल्यांदाच चढलेला ऐकला. बाहेरच्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्या आवाजानं मला जे बळ आलं ते मी विसरणार नाही.

वर बोळाच्या टोकाला एक दार होतं. नवंकोरं कुलूप. मी दोन्ही हातांनी दार बडवलं.

आतली हालचाल थांबली. मग ठकीनं विचारलं, "कोण?"

मी सांगितलं. म्हणजे सांगायचा प्रयत्न केला. माझ्या तोंडातून जे काही बाहेर पडलं त्याला माणसाचं बोलणं म्हणता आलं नसतं. पुन्हा प्रयत्न केला, ते त्याहून वाईट निघालं. दारापलीकडे पावलं मागे सरकल्याचं ऐकू आलं. ती मला घाबरली. ठकी, मी आहे, अगं मी, असं मी मनात ओरडत होते आणि दारावर डोकं आपटत होते.

डॉक्टर जिना चढून आला. त्याच्यामागे ती बाई, पिशवी तशीच काखेत, आणि तिच्यामागे कठडा धरत मास्तर. तो वळून त्यांना म्हणाला, पुन्हा त्याच नेहमीच्या हळू आवाजात, "घाबरू नका. काहींना भूल चढते. बहिणीची फार आठवण येते त्यांना. मी सांगतोय, खोली रिकामी आहे, जुनं सामान आहे आत."

मास्तरांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. त्यांचं काय चुकलं? केस सुटलेले, कपाळावर रक्त, हनुवटीवर लाळ, तोंडानं नुसतं बें बें. मीसुद्धा त्याचंच ऐकलं असतं. त्यानं माझा दंड धरला. "चला ताई, खाली चला."

बाई मात्र दाराकडेच बघत होती.

मी हिसडा मारून जमिनीवर बसले. दाराखाली बोटभर फट होती. मुठीतली कळी चिरडली होती, पण कळीच होती. मी ती फटीतून आत सरकवली, जितका हात जाईल तितकी आत.

आत पावलं पुढे आली. कपडा सळसळला, कुणीतरी खाली बसलं. मग फटीतून चार बोटं बाहेर आली, नखांखाली हिरवं, टोकांना काटे टोचून टोचून काळी पडलेली. ती चाचपडत आली आणि त्यांनी माझी बोटं धरली. डावा हात होता.

बाईच्या काखेतली पिशवी खाली पडली.

"ताई," आतून ठकी म्हणाली. भ्यायली की जिचा आवाज बंद होतो त्या माझ्या बहिणीनं हे चांगलं मोठ्यानं म्हटलं, जिन्याच्या तळापर्यंत ऐकू जाईल असं. "ताई, कुलूप बाहेरून आहे. चावी त्यांच्या कोटाच्या उजव्या खिशात असते."

आम्ही तिघांनीही वळून पाहिलं. डॉक्टरचा हात त्याच खिशात होता.